चौदा फूट

३ मे
काकूंची खोली रिकामी करायला घेतली. इमारत पाडणार, मुदत महिनाअखेर. माळ्यावर खाकी कापडाची लांब पिशवी, नाडीने बांधलेली. काकांचा मासे धरायचा रॉड. काकूंच्या सतीशला फोटो पाठवला. न्यू जर्सीहून लगेच उत्तर : "कुणाला देऊ नकोस. इथे अशा काठ्या लाखांत जातात."

५ मे
पिशवीत चार तुकडे. बुडखा, मधला, दोन शेंडे. गच्चीवर नेऊन जोडला. टेप लावली : चौदा फूट. शेजारच्यांनी विचारलं, पतंग काढायला का?

६ मे
अख्खा बांबू नाही. भिंगातून पाहिलं, सहा पट्ट्या. त्रिकोणी तासून एकमेकींना चिकटवलेल्या, म्हणून काठी षट्कोनी. सगळी पेरं एका जागी येऊ नयेत म्हणून पट्ट्या मागेपुढे सरकवल्यात. सांध्यात नख शिरत नाही.
हा बांबू चीनच्या ग्वांगडोंगचा, टोंकिन म्हणतात त्याला. त्याच्या आधी विलायतेतले रॉडवाले कलकत्त्याहून बांबू न्यायचे. माल आपला, काठी त्यांची, आणि ती घेऊन साहेब पुन्हा आपल्याच नदीवर.

८ मे
मुठीच्या वर, रोगणाखाली, शाईची अक्षरं. कोरड्या कापसाने पुसलं. 'हार्डी'. खाली 'पालाकोना'. बुडाच्या टोपीवर 'ॲनिक'.
म्हणजे विलायतेतल्या ॲनिकचे हार्डी बंधू, १८७२ पासूनचे. पालाकोना हे त्यांच्या चिरलेल्या बांबूच्या रॉडचं नाव. नंबरही आहे. नंबरावरून साल निघतं, पण शेवटचे आकडे मुठीच्या घामाने गेलेत.
सतीशला कळवलं. "किती?" एवढंच.

९ मे
काकूंना विचारलं, आणला कुठून. "साहेब विलायतेला गेला कायमचा, तेव्हा दिला. पैसे घेतले की नाही, मला कधी सांगितलं नाही ह्यांनी."

११ मे
पितळी जोडावर बारीक खुंटी. आधी ती सोडवायची, मग सरळ ओढायचं. पिळलं तर बांबू चिरतो.
शेंड्याच्या कडीत अकीक. तडा नाही.
दुसरा शेंडा चार बोटं आखूड. टोक मोडलेलं. कडी नव्याने बांधलीय, दोरा हिरवा. बाकी सगळीकडे तांबूस रेशीम. वेढे इतके एकसारखे की जोड कळत नाही, फक्त रंग कळतो.

१२ मे
सतीश म्हणतो त्या काठ्या पेन, गॅरिसन अशा अमेरिकन कारागिरांच्या. मोजक्याच बनलेल्या, सात-आठ फुटी, एका हाताने फेकायच्या. आपला रॉड दोन हातांचा, साल्मनसाठी. विलायतेत असे खूप पडून आहेत. लांबी वाढते तशी किंमत उतरते. ग्लासफायबर आलं, मग कार्बन. एवढं वजन दिवसभर कोण पेलणार? तिकडच्या लिलावात शंभर पौंडांच्या आसपास धरावा. शेंडा आखूड म्हणजे त्याच्याही खाली. पावणेपाच फुटी पार्सलचा खर्च वेगळा.

१३ मे
सतीशचा फोन. आवाज चढलेला. मी किंमत पाडतोय, असं त्याने म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

१५ मे
काकूंचा भाचा पॉलिशचा डबा आणि ब्रश घेऊन हजर. "चमकवला की भाव येईल." अडवलं. मूळ रोगण खरवडलं की अक्षरंही गेली, भावही गेला. चहा घेतला, पण रागावून गेला.

१६ मे
रीळ कुठाय?
चांगल्या अवस्थेतलं जुनं पितळी हार्डी असेल, तर कधीकधी रॉडच्या कितीतरी पट जातं. सगळा माळा उपसला.
काकू : "ते पितळी चाक? मोडीत घातलं. पातेलं आलं त्यात."
सतीशला सांगणार नाही.

१८ मे
पवईला गेलो. तलावावर गळ टाकून बसणाऱ्या जुन्या मंडळींत एकांना काका आठवले. त्यांनी तुकडे एकेक करून टेबलावर लोळवले, बाक पाहिला. मग कानाशी धरून नखाने वरपासून खालपर्यंत टकटक. मधल्या तुकड्यात थांबले. मला काही कळलं नाही. पुन्हा वाजवलं, तेव्हा कळलं. तेवढ्यात आवाज फुटका.
"सांधा सुटलाय. वीतभर. सरसाने बसेल."
हार्डीचं नाव वाचलं, बोलले काही नाहीत. हिरव्या दोऱ्यावरून मात्र अंगठा फिरवला.
"हा दोरा मी दिला होता त्याला."

२० मे
त्यांचा फोन. सात हजार. वापरायला हवाय, भिंतीवर टांगायला नाही. लिलावाच्या भावापेक्षा कमी, पण पार्सल, दलाली, वाट पाहणं काही नाही. मला पटतं.
काकूंना विचारलं. "रोख देतील का?"
सतीशला मेसेज. दोन निळ्या खुणा.

२१ मे
सतीश : "ओके."

२३ मे
रोख सात हजार काकूंच्या हातात. पावती लिहून दिली : जुना बांबूचा रॉड एक, शेंडे दोन, पैकी एक आखूड, रीळ नाही. काकूंनी सही केली.
टेम्पोवाल्याने सहा सांगितलेत. माळ्यावरचं सामान धरून साडेसहा.