काचेवरची गावे

कोल्हापूरला येणारा पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खातो, जमल्यास पन्हाळ्यावर जाऊन येतो आणि परतताना पायताणाचा एक जोड व गुळाची ढेप घेऊन गाडीत बसतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा बोभाटा तर इतका झाला आहे की, त्याविषयी आणखी लिहिणे म्हणजे रश्श्यात पाणी घालणे. मी वाचकांना नेणार आहे ते कोल्हापूर या वाटेवर लागत नाही. ते लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात आहे, उद्यमनगरातल्या लेथच्या घरघरीत आहे आणि मंगळवार पेठेतल्या एका बोळात, दहा फूट बाय आठ फुटांच्या खोलीत आहे. तेथे जुने रेडिओ दुरुस्त होतात.

जुने म्हणजे व्हॉल्व्हचे. ट्रान्झिस्टर येण्यापूर्वीचे, बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट विचार करून मग बोलणारे. त्यांच्या पोटात काचेचे पाच-सहा दिवे मंद तांबूस पेटतात, वर जादूचा हिरवा डोळा उघडतो, आणि पुढच्या लांबट काचेवर दिल्ली, मुंबई, सिलोन, लंडन अशी गावे उजळतात. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाने हातात सोल्डरची कांडी का धरावी, असे आमच्या स्टाफरूममध्ये अधूनमधून विचारले जाते. उत्तर देण्याच्या भरीस मी पडत नाही. एवढेच सांगतो की, उघडून बघण्याची खोड या गावाच्या पाण्यातच आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा याच गावात स्वतः घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. उद्यमनगरातले मेस्त्री आजही बिघडलेले इंजिन समोर आले की आधी त्याला हात लावून बघतात, कंपनीचे पुस्तक मागाहून मागतात.

माझे गुरू अशाच जातकुळीतले. वय ब्याऐंशी. सारी पेठ त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. चौदाव्या वर्षी महाद्वार रोडवरच्या एका रेडिओच्या दुकानात झाडू मारायला ते लागले आणि पुढे त्याच दुकानात टेबलावर बसले. लक्ष्मीपुरीच्या बाजारात भंगाराच्या ढिगातून उचललेला पहिला रेडिओ मी त्यांच्याकडे घेऊन गेलो, तेव्हा मोठ्या उत्साहाने विचारले, “अण्णा, सुरू होईल का हो?”

“सुरू आत्ता करतो की मास्तर. फकस्त नंतर आगीचा बंब बोलवायला लागंल.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. वर्षानुवर्षे बंद पडलेला रेडिओ थेट विजेला जोडणे हा त्याला मारण्याचा सर्वांत सोपा उपाय. आत मेणकागदाचे कंडेन्सर असतात. त्यांनी वीज अडवून धरायची आणि आवाजाची लहर तेवढी पुढे सोडायची, असा करार असतो. परंतु कोल्हापूरच्या पावसाळ्यात कागद दमट होतो आणि करार मोडतो. व्हॉल्व्ह हे धरणाच्या दारासारखे आहे: जाळीवर येणारी इवलीशी लहर दोन-अडीचशे व्होल्टचा लोंढा कमीजास्त करते. गळका कंडेन्सर त्या जाळीवर भलतीच वीज सोडतो, दार सताड उघडे राहते, व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून अण्णा आधी गळके कंडेन्सर बदलतात, मग रेडिओच्या वाटेत एक शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब बसवतात. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. असे बल्ब आता दुकानात सहसा मिळत नाहीत, आणि एलईडीचा या कामी काडीचा उपयोग नाही. अण्णांच्या ट्रंकेत त्यांचा साठा आहे. घरच्या माणसांनाही तो मोजू देत नाहीत.

व्हॉल्व्हच्या नावांनी मात्र मला, व्याकरणाच्या माणसाला, पहिल्याच दिवशी जिंकले. ईसीएच ८१, ईएल ८४, ईझेड ८०. ऐकणाऱ्याला हे मोटारींचे नंबर वाटतात. वस्तुतः प्रत्येक अक्षराला अर्थ आहे. आरंभीचा ‘ई’ सांगतो की आतली तापतार ६.३ व्होल्टची, ‘एल’ म्हणजे कर्ण्याला जोर देणारा, ‘झेड’ म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेला लावणारा. धातू, उपसर्ग, प्रत्यय सारे जागच्या जागी. पाणिनीला हे युरोपी शास्त्र आवडले असते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून असे व्हॉल्व्ह बनू लागले. बाजारात त्यांची न वापरलेली खोकी अजून क्वचित सापडतात, आणि त्या दिवशी अण्णा चहा स्वतःच्या पैशाने पाजतात.

रोग शोधण्याची त्यांची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. एक हात पाठीमागे ठेवतात, कारण दोन्ही हात रेडिओत घालणारा मेस्त्री म्हातारा होत नाही. दुसऱ्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरने शेवटच्या व्हॉल्व्हची जाळी हलकेच टोचतात. कर्णा ‘घुर्र’ म्हणाला की तेथवर रस्ता मोकळा. मग एक घर मागे, पुन्हा घुर्र. जिथे घुर्र थांबते तिथे दुखणे. मीटर ते नंतर लावतात, बहुधा माझ्या समाधानासाठी.

आता ज्या रेडिओसाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. राधानगरीची स्वयंचलित दारे उघडली, ही बातमी आम्हा कोल्हापूरकरांना दर पावसाळ्यात सवयीची; त्या वर्षी मात्र शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडच्या भागात घराघरांत पाणी शिरले आणि दिवस दिवस हलले नाही. तिथल्या एका आजींच्या घरचा फिलिप्सचा रेडिओ फळीवरच पाण्याखाली गेला. १९५८-५९ च्या सुमाराचा, जादूचा डोळा असलेला. पाणी ओसरल्यावर त्यांचा नातू तो माझ्याकडे घेऊन आला. आत गाळ इतका होता की, कोथिंबीर पेरावी.

नातवाचे म्हणणे असे की, आतले सगळे काढून टाकावे, पेटी चकचकीत करावी आणि आत मोबाइलवरची गाणी वाजवणारे यंत्र बसवावे. असे पुष्कळजण करतात. मला तो प्रकार पेंढा भरलेल्या वाघासारखा वाटतो; दिवाणखान्यात शोभतो, डरकाळी फोडत नाही. अण्णांनी मतप्रदर्शन केले नाही. त्यांनी पाठीमागचे झाकण काढले, वास घेतला आणि म्हणाले, “व्हॉल्व्ह जित्ते असतील.” आणि ते होतेच. काचेत सीलबंद असल्याने महापुरालाही त्यांच्यात शिरता आले नव्हते; फक्त वरची नावे धुऊन गेली होती.

बाकीचे काम वर्षभर चालले. मध्ये टाळेबंदी आली. गाळ आधी स्वच्छ पाण्याने, मग स्पिरिटने काढला. ट्रान्सफॉर्मर खोक्यात बल्बच्या उबेला आठवडाभर सुकवले. एकाची तार तरीही तुटलेली निघाली, ती उद्यमनगरात मोटारी गुंडाळणाऱ्या एका कारागिराने पुन्हा गुंडाळून दिली. कर्ण्याचा कागद विरघळला होता. पुढची जाळी इचलकरंजीच्या जाड सुती कापडाची केली. पेटीच्या लाकडाचा पापुद्रा सुटला होता, तेव्हा अण्णा म्हणाले, “हे सुताराचं काम न्हवं, मिरजेला न्या.”

मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे. भोपळ्यातून तंबोरे घडवणारी ही घराणी. त्यांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथल्या एका कारागिराने पेटीवरून अंगठा फिरवला आणि पापुद्रा सरसाने बसवून चपडी लाखेचे हात दिले: स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापडाचा बोळा, एक हात, थांबणे, पुन्हा एक हात. पैसे विचारले तर हसून म्हणाला, “ह्यातनंबी गाणंच निघतंय न्हवं?” पैसे मात्र त्याने घेतले, आणि योग्य घेतले.

उरली काच. रेडिओच्या काचेवरची अक्षरे मागच्या बाजूने रंगाने छापलेली असतात. तिला ओला हात लावू नये, हा आमच्या छंदातला पहिला नियम. इथे तर काच दिवसच्या दिवस पाण्यात होती, आणि नंतर घरातल्या कुणी मायेने ती पुसून काढली होती. लंडन, सिलोन, दिल्ली सारी फडक्याला लागून गेली. कोरी काच उरली, आणि तिच्यावर २४० मीटरच्या जागी एक लाल ठिपका.

ती गावे म्हणजे काय होते, हे आज समजावून सांगावे लागते. १९५२ साली माहितीमंत्री केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली, आणि हजारो घरांतले काटे सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. विविध भारती आली ती १९५७ च्या ऑक्टोबरात. त्याआधी, १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून आठवड्यामागून आठवडा गीतरामायण चालले. त्याला चाली देणारे सुधीर फडके आमच्या कोल्हापूरचेच, १९१९ चा जन्म. या सुखासाठी पोस्टात वर्षाला १५ रुपये भरून लायसन काढावे लागे. ती सक्ती १९८० च्या दशकात गेली. दक्षिणेला पोर्तुगिजांचे एमिसोरा दि गोवा होते. आणि काचेवर जिचे नाव कधीच छापले गेले नाही, अशी एक गुप्त नभोवाणीही होती: २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्त होईपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीलगतच्या रानातून, आंबोली-कॅसलरॉकच्या बाजूने, चालवलेली. छापील काच ही सरकारी नकाशासारखी असते. ऐकणारा आपली गावे आपणच शोधतो.

सांगलीचेही तसेच. तिथले आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले. आजींचा रेडिओ त्याच्या आधीचा. “ह्यांना सांगली सापडायचीच नाही,” आजी म्हणाल्या, “काटा पुढं जायचा, मागं यायचा, आणि चिडायचे माझ्यावर. मग मी धाकट्या नणंदेचं नेलपॉलिश घेतलं आणि झाकण काढून आतनं ठिपका लावून टाकला.” शाईने लिहिले असते तर पुरात गेले असते.

मी त्यांना सांगितले की, अशाच एका रेडिओच्या काचेचे छायाचित्र मिळवून हुबेहूब नवी काच छापून घेता येईल, सगळी गावे पुन्हा येतील. पोथीचा पाठ शुद्ध करणाऱ्याला हा मोह सुटत नाही. पण पोथीच्या समासात कुणी लिहिलेली ओळ खरडून काढणे हेही संपादकाचे काम नव्हे, आणि नव्या काचेवर तो ठिपका मी काढला असता तर तो माझा झाला असता. आजींनी वाद घातला नाही. “लंडनला कोण जाणार आहे?” म्हणाल्या. काच आहे तशीच बसवली.

२०२० च्या दिवाळीआधी रेडिओ घरी गेला. बटण फिरवले, अर्धा मिनिट थांबलो, डोळा हिरवा झाला आणि कर्ण्यातून मधमाश्यांचे मोहोळ उठावे तसा आवाज आला. दोष रेडिओचा नव्हता. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इंटरनेटची पेटी हे सारे आपापल्या परीने मध्यमलहरीवर कुजबुजत असतात. १९५८ च्या घरात त्यांपैकी काहीच नव्हते. नातू खोल्याखोल्यांतून एकेक बंद करत गेला. टीव्ही बंद होताच मोहोळ विरले. आजींनी काटा ठिपक्यावर आणला, आणि सांगलीहून कुणीतरी हरभऱ्याच्या पेरणीविषयी बोलू लागले. आजींच्या घराण्यात शेत नाही. त्यांनी ते भाषण शेवटपर्यंत ऐकले.

त्या कुजबुजीवर अण्णांनी अलीकडे एक तोड काढली आहे. लाइट गेली की सारी पेठ रेडिओला अनुकूल होते. पण विजेवरचा रेडिओ तेव्हाच मुका, आणि इन्व्हर्टर लावावा तर तो स्वतःच सर्वांहून मोठ्याने घुरघुरतो. म्हणून त्यांनी खेड्यांसाठी पूर्वी निघत असे तो बॅटरीचा व्हॉल्व्ह-रेडिओ शोधून आणला. त्याला ९० व्होल्टची बॅटरी लागे. ती आता कुठून मिळणार? अण्णांनी नऊ व्होल्टचे दहा सेल एकापुढे एक जोडले, आणि व्हॉल्व्हच्या तापतारांसाठी दीड व्होल्टचा एक जाडा सेल. या जूनमध्ये एका वादळी रात्री साडेनऊला पेठ अंधारली तेव्हा आम्ही दोघे त्या खोलीत होतो. बाहेर पागोळ्या गळत होत्या. अण्णांनी काटा सावकाश फिरवला: कानडीत बातम्या, तमिळ गाणे, त्याच्या मागे फार दूरवरचे, बहुधा अरबी, काहीतरी, येणारे आणि जाणारे. मोबाइलच्या उजेडात मी वेळ आणि मीटर वहीत टिपत होतो. सुमारे चाळीस मिनिटांनी लाइट आली आणि सगळी गावे खरखरीत बुडाली. अण्णांनी सेल काढून डब्यात ठेवले. ते महाग असतात.