एक डाव की अनेक?

पत्ते खेळणाऱ्या माणसाकडे आपला समाज दोन दृष्टींनी पाहत असतो. लग्नघरात आणि आगगाडीच्या डब्यात तो हवाहवासा वाटतो. परीक्षेच्या दिवसांत तोच उनाड ठरतो. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आपणां लोकांनी मात्र त्याच्याकडे तिसऱ्या दृष्टीने पाहावयास हवे. परक्या गावची भाषा जिभेवर बसावयास वर्ष लागते, सरकारी घर मिळावयास त्याहूनही अधिक. परंतु जेवणाच्या सुट्टीत हिरवळीवर बसलेल्या तिघांना चौथा भिडू तत्काळ हवा असतो, आणि तो कोठून आला याची चौकशी कोणी करीत नाही.

आमच्या दिल्लीच्या कचेरीत नुकत्याच रुजू झालेल्या एका सातारकर तरुणाने आम्हांस विचारले, "दादा, इथं मिळेल तो डाव शिकत जाऊ, की एकच धरून बसू?" प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक, तथापि दहा वर्षांच्या नोकरीत आम्ही जे थोडेफार शिकलो, ते सारे या प्रश्नाच्या उत्तरात येते असे आम्हांस वाटते.

पत्त्यांचा जोड सर्वत्र एकच. पण पानांची किंमत गावागणिक बदलते. आपल्या मेंढीकोटात दश्शीचा मान मोठा. ज्या पक्षाकडे तीन मेंढ्या तो जिंकला. चारही आल्या की कोट. कोलकात्यास जावे, तो तेथे ट्वेंटी-नाइनचे राज्य! त्यात पाने 32, आणि श्रेष्ठ पान गुलाम. त्याचे गुण 3, नश्शीचे 2, एक्का व दश्शी यांचा प्रत्येकी 1. राजा-राणीच्या वाट्यास शून्य. शिवाय बोली जिंकणाऱ्याचा हुकूम झाकलेला राहतो; कोणी मागेल तेव्हाच तो उघड व्हायचा. दिल्लीस सीप. तेथे हुकूमही नाही आणि हात करणेही नाही. मांडलेली पाने बेरजेने जुळवून उचलावयाची. एकंदर गुण 100, त्यांपैकी 91 एकट्या इस्पिकाचे. चौकट दश्शीचे 6 आणि उरलेले 3 बाकीच्या तीन एक्क्यांचे. सारा फड एका पानाने साफ केला की ती सीप, आणि तिचे 50 गुण वेगळे.

नवशिक्याने हे तिन्ही डाव एकाच महिन्यात आरंभिले, तर त्याच्या मनात किमतींची खिचडी होते. तो ट्वेंटी-नाइनमध्ये एक्का उराशी धरून बसतो आणि गुलाम फुकट घालवितो. वास्तविक नियम आठवड्यात पाठ होतात. कठीण असते ते पडलेले पान स्मरणात ठेवणे, आणि भिडूने अमुक उतारी का केली असावी हे ओळखणे. हे कसब एकच डाव शेकडो वेळा खेळल्याविना येत नाही. आणि एकदा आले, म्हणजे डाव बदलला तरी ते सोबत येते. किमती मात्र येत नाहीत.

पोकर शिकणाऱ्यांतही हाच वाद चालतो. होल्डेममध्ये हाती दोन पाने, ओमाहात चार. आणि त्या चारांतून नेमकी दोनच वापरावयाची. म्हणजे ओमाहात प्रत्येकापाशी दोन-दोन पानांच्या सहा जोड्या. साहजिकच एकात जो हात भक्कम, तो दुसऱ्यात पुष्कळदा लंगडा ठरतो. म्हणून नव्या माणसाने आधी एकच प्रकार पक्का करावा, हे शहाणपणाचे होय. उलट मुरलेल्यांसाठी लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीजमध्ये 2006 साली पाच प्रकार आळीपाळीने खेळावयाची स्पर्धा निघाली. प्रवेशशुल्क 50,000 डॉलर! आमच्या पगारात ती बसत नाही, आणि आम्ही शेंगदाण्यांपलीकडे कधी पण लावलेला नाही. पण क्रम ध्यानात यावा. आधी एक, नंतर अनेक.

एकनिष्ठेचा गौरव आम्हांसही मान्य आहे. 2018 च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळविले, तेव्हा बर्धन साठीस आले होते. एका खेळाचा असा दीर्घ व्यासंग पाहून मस्तक नम्र होते.

परंतु आमच्या ओळखीचे एक मराठी अधीक्षक होते. तेही ब्रिजचेच उपासक, आणि उत्तम खेळाडू. त्यांची बदली एका आडगावी झाली. तेथे ब्रिज जाणणारे चौघे जमेनात, आणि इतर डाव त्यांच्या लेखी पोरखेळ! तीन वर्षे ते संध्याकाळी एकटेच पाने मांडीत बसले. पुढे ते दीर्घकाळ आजारी पडले, तेव्हा समाचारास कचेरीचा शिपाई तेवढा येत असे. तोही फाइलवर सही घेण्यासाठी.

याउलट, आमचे वडील वारल्याची बातमी कोलकात्यास रात्री अकराला आली, तेव्हा आमच्या दारी प्रथम आला तो ट्वेंटी-नाइनचा भिडू. त्याचे बंगाली आम्हांस अर्धेच कळे, आमचे हिंदी त्याला त्याहून कमी. त्याने धावपळ करून पहाटेच्या गाडीत जागा मिळवून दिली, आणि आमच्या पत्नीला, "बउदी, घरची चिंता करू नका," असे हातवाऱ्यांनी समजाविले. त्या रात्री आमच्या ब्रिजच्या ज्ञानाचा काय उपयोग झाला असता, हे आम्हांस सांगता येत नाही.

तेव्हा आमचा कौल असा : नवशिक्याने पहिले वर्षभर एकच डाव धरावा, पण तो कोणता हे आवडीवर सोडू नये, गावावर सोडावे. दिल्लीस आहात तर सीप खेळा. मेंढीकोट रजेसाठी राखून ठेवा, घरची मंडळी ते विसरू देणार नाहीत. बदलीचा हुकूम आला की नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावे, गुलामाची किंमत नव्याने विचारावी, आणि पाने मोजण्याची सवय तेवढी जुनीच ठेवावी. सामानाच्या यादीत तिला वजन नाही, आणि तिचा भत्ताही मागावा लागत नाही.