कडेचा वेग

भोसरीच्या टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर माझी २२ वर्षं गेली. एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी असते आणि तो दिवस मी चामड्याला देतो. कमरेचे पट्टे, घड्याळाचे पट्टे, चाव्यांची पाकिटं असं काही ना काही चालू असतं. ही विद्या आजोळची. कागल तालुक्यातल्या कापशीत मामा चपला करायचे. रापीनं कड छाटायची, काचेच्या तुकड्यानं खरवडायची, पाण्याचा हात लावायचा आणि लाकडानं घोटत बसायचं. "कड डोळ्यानं बघू नगं, वल्या बोटानं बघ," असं ते म्हणायचे. दोन पदरांमधली फट डोळ्याला दिसत नाही, पण ओल्या बोटाला लगेच लागते.

माझ्या हातात मात्र यंत्रं मुरलेली. म्हणून पहिल्या पट्ट्याची कड मी सरळ सहा इंची बेंच ग्राइंडरला लावली. दोन सेकंदांत केस जळल्यासारखा वास आला आणि कड काळी पडली. वरून ती छान तुकतुकीत दिसत होती, त्यामुळे मी तसंच पॉलिश केलं. आठ दिवसांनी पट्टा वाकवला तेव्हा त्या तुकतुकीत काठाला बारीक भेगा गेल्या. ते कातडं घोटलं गेलं नव्हतं, शिजलं होतं. हिरडा-बाभळीनं कमावलेलं ओलसर कातडं ७०-८५ अंशांच्या आसपास आकसायला लागतं. पोलादाला आपण कुलंट सोडतो. कातड्याला तसा काही उपाय नाही.

तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. टूलरूममधल्या प्रत्येकाला तोंडपाठ असलेलं गणित आहे: पाय, व्यास आणि फेरे यांचा गुणाकार, भागिले हजार. १५० मिलिमीटरचं चाक मिनिटाला २८८० फेरे घेतं, म्हणजे त्याचा काठ मिनिटाला १३५७ मीटर धावतो. लोक हौसेनं घेतात त्या डाय ग्राइंडरचा १३ मिलिमीटरचा ड्रम इवलासा दिसतो, पण २५ हजार फेऱ्यांवर तोही हजार मीटरच्या वर जातो. चार इंची अँगल ग्राइंडरचं तर नावच नको. तो साडेतीन हजारांच्या घरात. दुकानदार वॉट सांगतो, एचपी सांगतो. चामड्यासाठी हत्यार घेताना मी आधी काठाचा वेग विचारतो आणि वेग कमी करता येत नसेल तर ते यंत्र तिथंच ठेवून येतो.

छोट्या ड्रमचा दुसरा दोष मला वेगापेक्षाही जास्त सलतो. सरळ कडेवर तो खळगे पाडतो. हात कितीही स्थिर असू द्या, जिथं क्षणभर रेंगाळला तिथं खड्डा, आणि पट्टा उजेडात धरला की सगळी कड लाटांसारखी दिसते. आतल्या वळणाला छोटा ड्रम हवाच, पण सरळ कडेला मोठा व्यास किंवा मागे सपाट पाट असलेला बेल्ट सँडर, तोही वेग कमी करता येणारा.

माझं यंत्र मी शेवटी स्वतःच जुळवलं. कुदळवाडीच्या भंगारात अर्ध्या एचपीची १४४० फेऱ्यांची मोटर मिळाली होती. (२०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेच्या कारवाईत तिथली शेड मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. माझ्यासारख्या अनेकांचं ते सुट्ट्या भागांचं माहेर होतं. अजून तिकडून जाताना जीव हळहळतो.) मोटरवर अडीच इंची पुली, शाफ्टवर पाच इंची, म्हणजे ७२० फेरे. सागवानाचा ५० मिलिमीटरचा ड्रम लेथवर काढून घेतला, त्यावर पातळ रबर आणि रबरावर पॉलिश पेपर. काठाचा वेग मिनिटाला ११३ मीटर. टेबल गुण्यानं ड्रमला काटकोनात लावलं. इतक्या वेगावर कड कोमट होते, गरम होत नाही.

आधी १२०, मग २२०, मग ४००. दोन पदर चिकटवलेला गोंद नीट वाळला नसेल तर कागद चोंदतो आणि चोंदलेला कागद कापत नाही, नुसता तापतो. जुन्या चपलेचा क्रेप सोल फिरत्या ड्रमला लावला की कागद मोकळा होतो. शेवटच्या एक-दोन फेऱ्या मी अजिबात दाब न देता घेतो. ग्राइंडिंगमध्ये ठिणग्या थांबेपर्यंत कट न वाढवता टेबल फिरवतात, तसंच हे. पोलादाला बर येते तशी इथंही दाण्याच्या बाजूला पातळ मिशी येते. ती बेव्हलरनं काढायची. मग मोटर बंद, पाण्याचा हात आणि मामांचं लाकूड. क्रोमचं कातडं असेल तर घोटून चमक येत नाही. तिथं रंगाचे थर आणि मधेमधे ४०० चा हलका हात.

आणि तोंडाला मास्क. चामड्याची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. नाकाला धोका सर्वांत जास्त. म्हणून ड्रमच्या मागे व्हॅक्यूमचं नळकांडं बसवल्याशिवाय मी स्विच दाबत नाही.

गेल्या गुरुवारी चाकणच्या एका कंपनीत लाइनवर काम करणारा मुलगा आला होता. "काका, कुठलं मशीन घेऊ?" असं विचारत त्यानं मोबाइलवर तीन मॉडेल दाखवली. मी त्याच्या हातात त्यानंच आणलेला घड्याळाचा पट्टा दिला आणि माझ्या ड्रमवर उभं केलं. १२० झाला, २२० झाला, ४०० झाला. कड आरशासारखी दिसायला लागली तसा तो खुलला. मी पाण्याची वाटी पुढे सरकवली. त्यानं बोट बुडवून कडेवरून सावकाश फिरवलं, बकलच्या जवळ थांबला, पुन्हा फिरवलं आणि म्हणाला, "काका, २२० चा कागद परत लावा."