नसलेल्या गाडीची जकात

गेल्या दोन रमजानात मी एका मोटारसायकलची जकात भरली. ती मोटारसायकल अजून माझ्याकडे नाही.

2023च्या सुरुवातीला भिशी उचलली. आधीची थोडी बचत त्यात घातली आणि तीन लाख साठ हजार रुपये गाडीसाठी म्हणून बाजूला ठेवले. गाडी तेव्हाच घेतली असती तर प्रश्न नव्हता, रोजच्या वापराच्या वाहनावर जकात नसते. पण पैसे खात्यात पडून राहिले, वर्ष उलटलं, आणि अडीच टक्क्यांनी नऊ हजार रुपये निघाले. पुढच्या रमजानात पुन्हा, त्याहून थोडे कमी. मशिदीतले मौलाना हसून म्हणाले, “मियाँ, गाडी ले लो, नहीं तो ऐसेच आधी हो जाएगी.”

कर्ज घ्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं. व्याजाचा हप्ता नको. माझे कितीतरी मित्र हप्त्यावर गाड्या चालवतात, मी त्यांना काही म्हणत नाही, ते मला थोडं म्हणतात. पण यामुळे शोरूममध्ये माझी पंचाईत व्हायची. किंमत ऐकून मी गप्प झालो की समोरचा पोरगा लगेच म्हणायचा, “सर, फायनान्स करून देतो ना.” दुचाकीच्या दुकानात रोख पैसे घेऊन गेलेला माणूस संशयित वाटतो, हा माझा अनुभव.

मोठीच गाडी कशाला? घरात पहिली मोठी गाडी अब्बांची राजदूत. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी, अख्ख्या गल्लीला धूर देणारी. तिच्यावर कापडाचे गठ्ठे बांधून अब्बा आठवडी बाजार करायचे: अंबड, परतूर, मंठा, भोकरदन. त्यांच्यासाठी ते टूरिंग नव्हतं, पोट होतं. मला मात्र बायकोला डबलसीट घेऊन निघायचंय. बिदरला महमूद गवानचा मदरसा, गुलबर्ग्याला बंदानवाजांचा दर्गा, विजापूरला गोलघुमट. दख्खन आपलं म्हणायचं आणि पाहिलेलं फक्त खुलताबाद, ही काही बरी गोष्ट नाही.

मग मी बघायला लागलो, आणि बघतच राहिलो.

सुरुवात हौसेने वरून केली. होंडाची गोल्डविंग म्हणजे सहा सिलिंडर, 1833 सीसी, चारशे किलोच्या जवळपास वजन आणि मागे घ्यायला रिव्हर्स. मोहल्ल्यात वळवायची तर दोन घरं पाडावी लागतील. बीएमडब्ल्यूच्या मोठ्या जीएसला चेन नाही, शाफ्ट आहे. चेनला तेल देण्याची कटकटच नाही. किंमत वाचून मोबाइल खाली ठेवला. पुण्याला गेलो तेव्हा मात्र दोन मोठ्या गाड्यांवर प्रत्यक्ष बसलो. कावासाकी वर्सिस 650 ला 21 लिटरची टाकी, म्हणजे जालन्याहून निघालं की पंपाची काळजी संपली. सुझुकी व्ही-स्ट्रॉम 800 डीई तर गाडी नाही, घोडाच. पण वर्सिसची सीट जमिनीपासून 845 मिलिमीटर, व्ही-स्ट्रॉमची 855. माझी उंची पाच फूट चार इंच. दोन्हीवर माझे अंगठे जमिनीला नमस्कार करत होते, टाच अधांतरी.

यातली फजिती सांगून टाकतो. दुसऱ्या एका शोरूममध्ये अशाच उंच गाडीवर ट्रायल घेऊन परत आलो. व्यवस्थित चालवली, शहराच्या गर्दीतही. शेवटी गेटपाशी थांबताना डावा पाय टेकवला तर तिथे उतार. दोनशे किलोच्या पुढची गाडी कलायला लागली की ती थांबवता येत नाही, फक्त सोबत जाता येतं. मी सोबत गेलो. आरसा तुटला, त्याचे पैसे दिले. बायको सोबत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, “मैं पीछे बैठी होती तो?”

त्या प्रश्नानंतर माझी तुलनाच बदलली. तोवर मी ताकद बघत होतो, आता थांबणं बघायला लागलो. टूरिंग म्हटलं की सगळे शंभराच्या वेगाबद्दल बोलतात. आपल्याकडे शंभरावर जायचं कुठे? जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, 701 किलोमीटर, 2022च्या डिसेंबरात नागपूर–शिर्डी भाग उघडला आणि जून 2025 मध्ये पूर्ण झाला. त्यावर दुचाकीला बंदी. आपल्या शेतांमधून गेलेला सगळ्यात गुळगुळीत रस्ता आपण पुलावरून पाहायचा. उरले जुने रस्ते. एमआयडीसीतून निघालेले सळयांचे ट्रक, मागे दोन-तीन हात बाहेर आलेली लोखंडाची टोकं आणि त्यावर बांधलेलं लाल फडकं. हंगामात अंबड–घनसावंगीकडे उसाच्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. प्रत्येक गावाला दोन गतिरोधक, त्यातला एक गावकऱ्यांनी स्वतः बनवलेला. इथे दिवसभरात पन्नास वेळा पाय टेकवावा लागतो, तोही मागे माणूस आणि सामान असताना.

तरी रॉयल एन्फील्डची हिमालयन 450 डोक्यातून जात नव्हती. नोव्हेंबर 2023 मध्ये आली. 452 सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, 40 बीएचपी, 17 लिटरची टाकी, जमिनीपासून पोटापर्यंत 230 मिलिमीटर. गतिरोधकाला घासायचा प्रश्नच नाही. सीट 825, म्हणजे माझ्यासाठी काठावर. होंडाची एनएक्स 500 दोन सिलिंडरची, अगदी लोण्यासारखी, पण तेव्हा जवळजवळ सहा लाख. केटीएमची 390 अ‍ॅडव्हेंचर चपळ, पण सीट हिमालयनपेक्षाही उंच. बजाजची डॉमिनार 400 किंमतीत सगळ्यात समजूतदार आणि सीटही 800च. बायकोला तिची मागची सीट पसंत पडली नाही, तिथे माझा नाइलाज.

सगळ्यात उपयोगी माहिती मात्र मामूंकडून मिळाली. मामूंचं नाक्यावर पंक्चरचं दुकान आहे, तीस वर्षं. ‘पंक्चरवाला’ हा आपल्याकडे आमच्या लोकांना हिणवायचा शब्द झालाय. मामूंनी त्याच पंक्चरवर तीन मुली शिकवल्या, धाकटी आता नर्स आहे. त्यांच्यापुढे मी मोबाइलवरचा तक्ता धरला. बीएचपी, टॉर्क वगैरे त्यांनी पाहिलंच नाही. विचारलं, “ट्यूब है क्या टूबलेस?”

हिमालयन सुरुवातीला ट्यूबच्या टायरवर आली होती, टूबलेस तारांची चाकं नंतर मिळू लागली. मामूंनी समजावलं. साध्या तारांच्या चाकात प्रत्येक तार रिमला भोक पाडून आत जाते, तिथून हवा सुटते, म्हणून ट्यूब लागते. ट्यूब पंक्चर झाली तर चाक उतरवा, टायर काढा, ट्यूब शोधा. पुढचं चाक 21 इंची, त्या मापाची ट्यूब खेड्यातल्या दुकानात कोण ठेवतं? टूबलेसला खिळा काढायचा, रबराची पट्टी खुपसायची, हवा मारायची, दहा मिनिटं. “और मेन स्टँड देख,” ते म्हणाले. पुष्कळ परदेशी मोठ्या गाड्यांना तो मिळतच नाही, वेगळा घ्यावा लागतो. दोनशे किलोची गाडी रात्री रस्त्याच्या कडेला उभी कशी करणार, हे कुठल्याही व्हिडिओत मला कोणी विचारलं नव्हतं.

इतकं सगळं ठरेपर्यंत 22 सप्टेंबर 2025 उजाडला. 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि त्यावरच्यांना, जिथे सेस धरून 31 टक्के पडत होते, तिथे 40. माझी हिमालयन एका रात्रीत महागली. रस्ता कर, विमा धरून ती साडेतीन लाखांच्या पुढे गेली. पहिल्या वर्षी घेतली असती तर पैसेही उरले असते आणि जकातही वाचली असती.

त्याच कंपनीची मीटिऑर 350 मात्र स्वस्त झाली. 20 बीएचपी, 15 लिटर टाकी, 191 किलो. वजन हिमालयनएवढंच, पण सीट 765. बसलो तर दोन्ही तळवे पूर्ण जमिनीवर. चाकं अलॉयची, टायर टूबलेस. मागची सीट बायकोने दहा मिनिटं बसून पाहिली आणि उतरताना कमरेला हात लावला नाही. खोटं बोलणार नाही, ही गाडी चालवून माझी छाती भरून आली नाही. ऐंशी-नव्वदला खूश असते. दोघं बसून अजिंठ्याच्या घाटात एसटीला ओव्हरटेक करायचं तर आधी बिस्मिल्ला म्हणावं लागेल आणि मग गिअर पाडावा लागेल. हिमालयन तिथे नुसती निघून गेली असती.

दोन गाड्यांत फरक लाखाच्या वर. तो आकडा मी कागदावर लिहिला त्याच आठवड्यात मामू घरी आले. त्यांनी उमराहचे पैसे जमवलेत, पुढच्या वर्षी जाणार. अम्मी चहा देताना एवढंच म्हणाली, “अच्छा है, घुटने चल रहे तब तक जाके आ.” स्वतःबद्दल काही नाही. तिचे घुटने मामूंपेक्षा जास्त दुखतात. सख्खा भाऊ सोबत असला तर तिला वेगळा मेहरम लागणार नाही. मी कागद घडी करून खिशात घातला. दोन वर्षं मी सीटची उंची मिलिमीटरमध्ये मोजत होतो आणि हे मोजलंच नव्हतं, याची लाज वाटली. थोडा रागही आला, कुणावर ते सांगता येत नाही.

मीटिऑर बुक केली आहे. अम्मीचा पासपोर्ट आला, फोटोत ती पोलीस ठाण्यात बसल्यासारखी दिसते. तिसरा रमजान फेब्रुवारीत आहे, त्याआधी दोन्हीकडचे पैसे भरून होतील.

रात्री अजूनही हिमालयनचे व्हिडिओ बघतो, आवाज बंद करून. बायकोला कळतंच. परवा कूस वळवून म्हणाली, “बिदर कब जाना है वो बोलो.”