कुंपण आणि शेजारधर्म

भाषांतराच्या व्यवसायात कधीकधी एकाच शब्दापाशी थांबावे लागते. ‘कुंपण’ हा तसाच शब्द. कोकणात जांभ्या दगडांची बिनचुन्याची रचलेली भिंत म्हणजे गडगा. काट्याकुट्यांची किंवा शेराची असली तर ती वई. शेतात बांध आणि गावाभोवती गावकूस. सीमेसाठी इतके शब्द जपणाऱ्या समाजात सीमेवरून भांडणेही पुष्कळ झाली असणार, हे उघड आहे.

ही भांडणे आजची नव्हेत. मनुस्मृती व याज्ञवल्क्यस्मृती या दोन्हींत सीमावादाचा स्वतंत्र विचार आहे. मनूने सीमानिर्णयासाठी ज्येष्ठ महिना सांगितला, कारण त्या दिवसांत खुणा स्पष्ट दिसतात. सीमेवर वड, पिंपळ, पळस लावावेत आणि जमिनीखाली दगड, राख, कोळसे, विटा अशा न कुजणाऱ्या वस्तू पुरून ठेवाव्यात, असेही तेथे म्हटले आहे. स्वार्थापुढे माणसाची स्मरणशक्ती दुबळी पडते, हे त्या काळीही ठाऊक होते.

माझ्या आजोळी याचा प्रत्यय आला. मामांचे घर व शेजारचे घर यांमधील गडगा एका पावसाळ्यात कोसळला. शेजाऱ्यांनी तो पुन्हा रचला, तेव्हा तो दीड हात आत सरकला, असे मामांचे म्हणणे. होता तेथेच आहे, असे शेजाऱ्यांचे. जागा थोडीच, पण विहिरीची पायवाट त्यामुळे बंद झाली. वाट बंद झाली तसे बोलणेही बंद झाले. गणपतीतील आरतीला एकमेकांकडे जाणे थांबले. दावा न्यायालयात गेला आणि तारखांमागून तारखा पडत राहिल्या. पुढे शेजारचे काका आजारी पडले. मामी रात्री अंगणात उभी राहून त्यांच्या घरातील दिव्याकडे पाहत असे. पाऊल मात्र पुढे पडत नसे. काका गेले, त्या दिवशीही मामा स्मशानातूनच परतले.

अखेरीस दोन्ही घरांतील मुलांनी सरकारी मोजणी मागितली. भूकरमापक आले, जुन्या खुणा सापडल्या. गडगा सरकला होता खरा, पण वीतभरच. आणि विहिरीची वाट बव्हंशी शेजाऱ्यांच्याच जागेत होती! शेजारचा मुलगा एवढेच म्हणाला, “काकू, वाट चालूच राहू दे.” त्याने गडगा वीतभर मागे घेऊन त्यात फाटक बसविले. मोजणीला लागला एक दिवस. त्याआधी दोन्ही घरांची अकरा वर्षे गेली होती.

म्हणून कुंपण घालण्यापूर्वी मोजणी करून घ्यावी. महाराष्ट्रात हे काम भूमि अभिलेख खाते करते. अन्य राज्यांत महसूल किंवा भूमापन खात्याकडे चौकशी करावी. मोजणीच्या वेळी शेजाऱ्यांनी हजर राहावे आणि नकाशाची प्रत दोघांनीही जपावी. सामाईक भिंत बांधावयाची असल्यास तिची जागा, उंची, खर्च व दुरुस्ती यांविषयी लेखी करार करावा. उंचीलाही मर्यादा असते. राष्ट्रीय इमारत संहितेत ती साधारणतः 1.5 मीटर आहे, वरचा 0.9 मीटर भाग आरपार दिसेल असा उघडा ठेवल्यास 2.4 मीटरपर्यंत मुभा आहे. तथापि स्थानिक नियम निराळे असू शकतात. म्हणून नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून घेणे इष्ट.

संकोचाने गप्प राहणेही बरे नव्हे. दुसऱ्याच्या जागेवर उघडपणे, मालकाचा हक्क नाकारून, सलग 12 वर्षे ताबा राहिला, तर 1963 च्या मुदत कायद्यानुसार मालकाचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो. वेळीच सौम्य शब्दांत लिहिलेले पत्र नाते राखते, पण केवळ पत्राने मुदत थांबत नाही. दोघांचे जमत नसेल तर लोकअदालत आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये तेथील तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नाही.

कायदा जमिनीची हद्द ठरवू शकतो. फाटक ठेवावे की नाही, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. बांधावरची वीतभर जमीन मिळाली किंवा गेली, तरी संसाराला फारसा फरक पडत नाही. अडचणीच्या रात्री हाकेला ओ देणारे घर दुरावले, तर ती उणीव मात्र कोणत्याही मोजणीने भरून निघत नाही.