अध्याहृत 'मी'

स्पॅनिश भाषेच्या बहुतेक प्रवेशिकांत पहिल्या काही धड्यांतच क्रियापदांचा एक तक्ता येतो. डावीकडे सर्वनामे, उजवीकडे रूपे. यो आब्लो, तू आब्लास, एल आब्ला, नोसोत्रोस आब्लामोस, बोसोत्रोस आब्लाइस, एयोस आब्लान. 'बोलणे' या क्रियेची ही वर्तमानकाळातील सहा रूपे. त्यातला 'तू' पाहून मराठी विद्यार्थ्याला परगावी घरचे माणूस भेटल्यासारखे होते, आणि ते खोटेही नाही. दोन्ही भाषांतले 'तू' एकाच इंडो-युरोपीय घराण्यातले आहेत. मात्र थोडे पुढे गेल्यावर तीच प्रवेशिका सांगते, की डावीकडचा रकाना पाठ करायचा असला, तरी एरवी तो उच्चारायचा नसतो. 'आब्लो' म्हटले की 'मी' त्यात आलाच. शेवटचा 'ओ' हाच तिथला 'मी'.

इंग्रजी माध्यमातून स्पॅनिश शिकणाऱ्याला याचे नवल वाटते, कारण इंग्रजीत पाऊससुद्धा सर्वनामाशिवाय पडत नाही. आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. 'येतो', 'जेवलास का?', 'उद्या भेटू' ही आपली रोजची वाक्ये आहेत आणि त्यांत कर्ता शोधायला कुणी थांबत नाही. आपल्या व्याकरणाने या प्रकाराला 'अध्याहृत' हा सुरेख शब्द दिला आहे. न उच्चारलेले, पण गृहीत धरलेले. असे असूनही, आमच्या वाचनात आणि भाषांतराच्या खटाटोपात जिथे आम्ही सर्वाधिक अडखळलो, ती जागा हीच निघाली. दोन भाषांत एखादी सवय समान असली, की ती एकाच कारणाने आली असणार असे आपण धरून चालतो. तसे असतेच असे नाही.

स्पॅनिशमध्ये कर्तृवाचक सर्वनाम कधी गाळावे, हा प्रश्नच खरे तर उलटा आहे. गाळणे हा तिथला नियम. प्रश्न आहे तो ते कधी उच्चारावे याचा. उत्तरे तीन-चारच आहेत. एक, दोन व्यक्तींना समोरासमोर उभे करायचे असेल तेव्हा : मी गेलो, ती राहिली. दोन, भर द्यायचा असेल तेव्हा, 'कोण आहे?' याला स्पॅनिश माणूस 'सोय यो' म्हणतो, म्हणजे आपले 'मीच'. तीन, क्रियापदाच्या रूपावरून कर्ता ठरत नसेल तेव्हा. अपूर्ण भूतकाळातले 'आब्लाबा' हे रूप मी, तो, ती आणि आदरार्थी 'उस्तेद' या साऱ्यांना चालते. संदर्भाने उलगडा होत नसेल तर सर्वनाम हवेच. आणि चौथे, आदरासाठी. 'उस्तेद' हे सर्वनाम इतर सर्वनामांच्या मानाने अधिक वेळा उच्चारले जाते; ते म्हणणे हीच अदब. निर्जीव वस्तूंचा प्रश्न फारसा येत नाही. पुस्तक कुठे आहे असे विचारले, की उत्तर 'टेबलावर आहे' एवढेच. तिथे 'ते' कुणी म्हणत नाही.

नियम इतके सोपे असतील तर त्यांत वाङ्मयाचा काय संबंध, असे विद्यार्थी विचारतात. त्यांना आम्ही हुआन रुल्फोच्या 'पेद्रो पारामो' (1955) या कादंबरीची पहिली तीन वाक्ये वाचायला सांगतो. आपला बाप इथे राहतो असे कळल्यावरून निवेदक कोमाला नावाच्या गावी आला आहे, हे आईने सांगितले, आणि तिच्या निधनानंतर त्याला भेटायला जाण्याचे वचन त्याने तिला दिले. एवढाच त्यांचा आशय. कादंबरीचा पहिला शब्द 'बिने' हा आहे. 'आलो'. तिथे 'यो' नाही. त्याच वाक्यात 'सांगितले' या अर्थी 'दिखेरोन' येते. तृतीय पुरुष, अनेकवचन, आणि कर्ता नाही. इथे 'एयोस', म्हणजे 'त्यांनी', घातले असते तर ठरावीक माणसे डोळ्यांपुढे आली असती. न घातल्यामुळे ते 'कुणीसे' होते, एखादी कुजबुज होते. दुसऱ्या वाक्यात ही कुजबुज आईचा चेहरा घेते. तिसऱ्या वाक्यात कादंबरीतला पहिला 'यो' उमटतो, कारण आता आई आणि मुलगा समोरासमोर आले आहेत : तिने सांगितले, आणि मी वचन दिले. त्याच वाक्यात मरणाची गोष्ट निघते आणि 'एया', म्हणजे 'ती', उच्चारावी लागते. कारण 'मुरिएरा' हे रूप एकटे ठेवले तर मरणारा कोण, आई की बाप की खुद्द बोलणारा, हे रूपावरून कळलेच नसते.

व्याकरणाच्या पुस्तकातले जवळजवळ सगळे प्रकरण तीन वाक्यांत आले. पण तेवढ्यासाठी रुल्फो वाचायचा नाही. कादंबरी निम्म्यावर आल्यावर वाचकाला उमगते, की हा निवेदक, हुआन प्रेसियादो, जिवंत नाही. तो दोरोतेआ नावाच्या स्त्रीसोबत एकाच कबरीत आहे आणि तिथून बोलतो आहे. मग मागे वळून पहिला शब्द वाचावा. 'आलो' म्हणणारा आलेल्या ठिकाणीच राहिला आहे. त्याच्यापाशी आता शरीर नाही, नावही वाचकाला अजून कळलेले नाही. क्रियापदाच्या टोकाला चिकटलेला एक स्वर, एवढाच त्याचा 'मी'. रुल्फोने हे योजून केले असे आम्ही म्हणणार नाही. स्पॅनिशमध्ये हे वाक्य साधेपणाने लिहायचे तर असेच लिहावे लागते. भाषेच्या साध्या सवयीतून एवढे निघू शकते, हेच आम्हांला मोलाचे वाटते.

आता हे मराठीत आणायचे. 'बिने'ला 'आलो' हा प्रतिशब्द आयता आहे आणि सर्वनामही गाळता येते. मग अडचण कुठे? लिंगात. 'बिने' म्हणणारा पुरुष की स्त्री, हे त्या तीन वाक्यांत कुठेच कळत नाही. प्रमाण मराठीत पहिल्याच शब्दाला 'आलो' की 'आले', याचा निकाल द्यावा लागतो. कार्लोस फुएन्तेसच्या 'आउरा'मध्ये (1962) ही अडचण आणखी बोचते. ती लघुकादंबरी द्वितीय पुरुषात लिहिलेली आहे आणि तिचा पहिला शब्द 'लेएस', म्हणजे 'वाचतोस' किंवा 'वाचतेस', असा आहे. स्पॅनिश वाचक, स्त्री असो वा पुरुष, क्षणभर तरी स्वतःच तो 'तू' होऊ शकतो. काही वाक्यांनंतर एका विशेषणाच्या पुल्लिंगी रूपावरून ते दार मिटते. मराठीत ते दार उघडतच नाही. कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो', 'मी आलो' म्हणतात, त्या बोलीत रुल्फोचे पहिले वाक्य लिंग न सांगता लिहिता येईल, असे एकदा मनात आले होते. पण त्या बोलीबरोबर पंचगंगेचे पाणीही कोमालाच्या रखरखाटात शिरले असते. तो बेत आम्ही सोडला.

दुसरा फरक अधिक खोल आहे. 'मी आलो' यातला 'मी' गाळला तरी 'आलो' त्याला सांभाळते. हा कर्तरी प्रयोग. पण 'मी पुस्तक वाचले' यातला 'मी' गाळून पाहावा. 'पुस्तक वाचले.' कुणी? मी, त्याने, तिने, आम्ही, कुणीही. क्रियापद पुस्तकाशी जुळले आहे. वाचणाऱ्याशी त्याचे देणेघेणे उरलेले नाही. 'वाचलेस'मधल्या 'स'मुळे 'तू' तेवढा वाचतो. शाळेत कर्मणी आणि भावे प्रयोग घोकताना या गोष्टीचे वजन आपल्याला जाणवत नाही. स्पॅनिशमध्ये असा भेद नाही. तिथे माणूस आला तरी, त्याने पुस्तक वाचले तरी, भूतकाळाचे रूप त्याच्याशीच बांधलेले राहते. थोडक्यात, स्पॅनिश शब्द गाळते, कर्ता गाळत नाही. मराठी काही वेळा शब्दाबरोबर कर्ताही गाळून टाकते.

अदबीच्या बाबतीतही दोन भाषा विरुद्ध दिशांना जातात. स्पॅनिश 'उस्तेद' उच्चारून मान देते. आपल्याकडे पूर्वीच्या घरांतून न उच्चारणे हाच मान होता. 'बाहेर गेलेत', 'आले का?', 'जेवायचे थांबलेत' अशा वाक्यांतून घरधनी नावाशिवाय आणि सर्वनामाशिवाय वर्षानुवर्षे वावरत असे; अनेकवचनी क्रियापद त्याची ओळख पटवायला पुरे. त्याचा कर्ता अध्याहृत होता तो वजनदार असल्यामुळे. त्याच घरातल्या स्त्रीचा कर्ताही अध्याहृत होता, पण त्याचे कारण वेगळे होते.

आमच्याजवळ आमच्या आईची काही पत्रे आहेत, आम्ही शिक्षणासाठी परगावी होतो त्या काळातली. एका सुट्टीत, निव्वळ सरावासाठी, त्यांतले एक स्पॅनिशमध्ये उतरवायला घेतले. मजकूर अगदी साधा. पत्र मिळाले. पापड लाटून झाले. उन्हात वाळवले. येणाऱ्याबरोबर पाठवले आहेत. पैशांची व्यवस्था केली आहे. काळजी नसावी. पूर्ण पानभर पत्रात 'मी' एकदाही नव्हता, आणि तो क्रियापदांतही नव्हता. लाटणारी, वाळवणारी, व्यवस्था करणारी, कुणीच दिसत नव्हती. दिसत होते ते पापड आणि पैसे, कारण क्रियापदे त्यांच्याशी जुळलेली होती. ही तिची लेखनशैली नव्हती. तिच्या पिढीच्या कितीतरी स्त्रिया अशाच लिहीत आणि बोलत. 'स्वयंपाक झाला', 'पाणी भरून झाले'. जणू या गोष्टी आपोआप होतात.

स्पॅनिशमध्ये हे जसेच्या तसे ठेवता येईना. कर्मणी रचना तिथेही आहे, पण घरगुती पत्रात ती कचेरीतल्या परिपत्रकासारखी वाटते. साधे लिहायचे तर 'रेसिबी' लिहावे लागते, म्हणजे 'मला मिळाले' नव्हे, 'मी घेतले'. 'मांदे', म्हणजे 'पाठवले' नव्हे, 'मी पाठवले'. 'यो' कुठेही लिहावा लागला नाही, तरी वाक्यागणिक ती समोर येऊन उभी राहू लागली. क्रियापदाच्या शेवटच्या आघातयुक्त स्वरात ती होती. भाषांतर चुकले असे म्हणता येत नव्हते. मूळ पत्रही खोटे नव्हते. पण कष्ट कुणाचे, हे त्या पत्राने इतक्या वर्षांत प्रथमच सांगितले, आणि तेही तिला न येणाऱ्या भाषेत.

म्हणून सर्वनाम गाळण्याला नम्रता म्हणावी, की शब्दांची काटकसर, की पुसून जाणे, हे ठरवताना आता आम्ही घाई करत नाही. स्पॅनिशभाषक 'यो' म्हणत नाही, म्हणून तो निरहंकारी ठरत नाही. त्याचा 'मी' क्रियापदात सुरक्षित असतो. स्पेनचे राजे फर्मानांवर 'यो एल रेय', 'मी राजा', अशी सही करत. सर्वनाम गाळणाऱ्या भाषेत ते उच्चारले की किती जड होते, हे त्यांना पक्के ठाऊक असावे. कॅरिबियन बेटांवर, पोर्तो रिको आणि दोमिनिकन प्रजासत्ताकात, शब्दान्तीचा 'स' बोलण्यात झिजतो, 'आब्लास' आणि 'आब्ला' एकसारखे ऐकू येतात, आणि तिथे 'तू' पुष्कळ अधिक वेळा उच्चारला जातो. प्रत्यय झिजल्यामुळेच असे होते काय, यावर भाषाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, कारण जिथे घोटाळ्याची शक्यता नाही तिथेही ते लोक सर्वनाम उच्चारतात. पण सर्वनामाचे मोल भाषाभाषांत आणि गावागावांत बदलते, एवढे त्यावरून निश्चित कळते.

भाषांतर करणाऱ्यासाठी यातून एक कामचलाऊ पद्धत आम्ही बांधली आहे. स्पॅनिशमध्ये 'यो' नसेल तर मराठीत कर्तरी प्रयोगात 'मी' गाळावा. कर्मणीत मात्र तो बहुधा लिहावा, कारण तिथे त्याला सांभाळणारे दुसरे कुणी नाही. स्पॅनिशमध्ये 'यो' असेल तर नुसता 'मी' अपुरा पडतो. 'मीच', 'मी तर', 'मी मात्र' यांतला एखादा शोधावा. आईच्या पत्राला ही पद्धत उलट्या दिशेने लावता येत नाही. त्या मजकुरात आता 'मी' घालणे हा आगाऊपणा होईल. वाचणाऱ्याने तो मनातल्या मनात, प्रत्येक क्रियापदापाशी थांबून, धरून वाचावा. 'अध्याहृत' या शब्दाचा अर्थ तरी दुसरा काय आहे?