साठपर्यंतची मोजणी

‘निरक्षर’ आणि ‘अडाणी’ हे शब्द आपण समानार्थी मानतो, आणि आरोग्यशिक्षणाचे निम्मे अपयश तेथेच ठरून जाते. साकोली तालुक्यातील आमच्या सानगडीत बाळंतिणींना दिले जाणारे सल्ले आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. ‘बाळाला निव्वळ स्तनपान द्या’ म्हटले की बाळंतीण मान डोलावते. त्या मानेत होकारापेक्षा संकोच अधिक असतो. त्या ‘निव्वळ’मध्ये पाणी, मध, घुटी यांपैकी काहीच बसत नाही, हे तिला कोणी उलगडून सांगितलेले नसते. वैशाखाच्या उन्हात तान्ह्याला घोटभर पाणी पाजणे ही तिच्या लेखी माया आहे. सहा महिने बाळाची तहानही दुधानेच भागते, हे त्या मायेला पटवावे लागते. आणि घरात शब्द सासूचा चालत असेल, तर सासूलाही.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने याहून अवघड पेच सोडवला. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक झाला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. पण ज्या सुइणीला साठपर्यंत मोजता येत नाही, तिने काय करावे? त्यांनी तिच्या हाती मिनिटभराची वाळूची घटिका आणि मणी दिले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला, की धोका. सुईण तीच राहिली, साधन बदलले.

पुढे १९९५ ते १९९८ या काळात तेथील ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघरी नवजातांची काळजी घेतली, आयांना शिकवले, आजारी बाळांवर उपचारही केले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केले, आणि २०११ पासून देशभर आशाताई याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या.

चांगली आशाताई ‘समजलं ना?’ असे विचारत नाही. त्याला उत्तर ‘हो’ हेच येते. ती विचारते, ‘बाळानं दूध ओढणं सोडलं, अंग गार पडलं, तर तू काय करशील, सांग बरं.’ मग बाळंतीण आपल्या झाडीबोलीत सांगू लागते. जे तिला सांगता येत नाही, ते आपल्याला शिकवता आलेले नसते. रोवणीच्या मजुरीचा हिशेब तोंडी ठेवणारी ही बाई बुद्धीने उणी नाही. उणी आपली भाषा आहे, आणि त्या उणिवेची किंमत बाळाला मोजावी लागते.